तांदळाच्या डब्यातलं मशीन

मळवलीत मी ज्यांच्या घरी पाच वर्षं भाड्यानं राहिलो, त्या आबांच्या स्वयंपाकघरात तांदळाचे दोन डबे होते. एकात खायचा तांदूळ. दुसऱ्यातही तांदूळच, पण त्यात आबांचं मशीन पुरलेलं असायचं. तळहाताएवढं, काळं-पिवळं, मधे छोटा पडदा, खाली चार बटणं आणि शेपटासारखी लोंबणारी जाड वायर. मावळात पावसाचे चार महिने भिंतींना घाम फुटतो. पापड, काडेपेट्या, माणसं, सगळंच सादळतं. मशीन तेवढं सादळू नये म्हणून ही व्यवस्था.

घाईत मावशींचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, हात चुकीच्या डब्यात जायचा आणि वायर बोटांना लागली की त्या किंचाळायच्या.

"एक दिस ह्येच कुकरमदी शिजवून वाढते तुमाला!"

"वाढ," आबा म्हणायचे. "भातात काय बिघाड हाये त्ये तरी कळंल."

हे ते हसून म्हणत नसत. आबांना हसताना मी पाच वर्षांत एकदाही पाहिलं नाही. उंच, वाकलेला, कायम कुणीतरी आजारी असल्यासारखा चेहरा करून हिंडणारा हा माणूस. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढून लोणावळ्यातून निवृत्त झालेला. सकाळी सात वाजता अंगणातल्या फणसाखाली ठेवलेली त्यांची जुनी पांढरी गाडी ते चालू करत, मशीन जोडत, पडदा बघत आणि गाडी बंद करत. कुठं जायचं नसे. तळेगावच्या पुढं ती गाडी गेल्याचं मला आठवत नाही. तिला काही झालेलंही नसे. काही झालेलं नाही हे रोज बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, इतकंच.

हे मशीन नेमकं काय करतं ते सांगतो, कारण पहिले सहा महिने मलाही ते मोबाईलचं काहीतरी वाटत होतं. गाडीच्या स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, एक खाच असते. तिथं ही वायर खोचली की गाडीतला कॉम्प्युटर आपलं दुखणं एका आकड्यात सांगतो. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटतो ना, तो का पेटला याचा हा आकडा. आकडा कळला की कुठला भाग बघायचा ते कळतं. बरीचशी कामं आबा मग घरीच करत. कधी सेन्सर पुसून बसव, कधी वायरचा सांधा पक्का कर, कधी प्लग बदल. जमणारं नसेल तर गॅरेजला पाठवत.

मशीन घेण्यामागं एक अपमान होता. आबांच्या गाडीचा दिवा पेटला होता तेव्हा गॅरेजवाल्यानं असंच मशीन लावलं, पडदा स्वतःकडं वळवून वाचला आणि "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून मशीन खिशात टाकलं. तीस वर्षं सिग्नलच्या पेट्या उघडून वायरी वाचलेल्या माणसाला हे लागलं. "माज्या गाडीचं दुखणं मलाच दावत न्हाई," असं ते पुढं कितीतरी दिवस घोकत होते. मग त्यांनी ऑनलाईन मशीन मागवलं. त्या घरात पार्सलनं आलेली ती पहिली वस्तू, असं मावशी सांगायच्या.

म्हणून आबांचा पहिला नियम असा की पडदा मालकाला दाखवायचाच. मालकाला इंग्रजी येवो न येवो. दुधाची गाडी चालवणारा असो की बंगलेवाला, आबा आधी पायातल्या वहाणा काढणार, मग गाडीत बसणार, मशीन जोडणार आणि मालकाला शेजारी बसवून पडदा त्याच्या नाकासमोर धरणार. दोन पानं दाखवणार. पहिल्या पानावर कोड, म्हणजे तो दुखण्याचा आकडा. दुसऱ्या पानावर गाडीनं स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्यात की नाहीत ते. कुणी नुकताच कोड पुसून दिवा विझवला असेल तर पहिलं पान कोरं दिसतं, पण दुसऱ्या पानावर त्या तपासण्या अपुऱ्या दिसतात. जुनी गाडी विकत घेणारे त्यासाठीच आबांकडं यायचे. भाजे, बेडसे, पार उर्शापर्यंतची माणसं. आबांनी बघितली म्हटल्यावर सौदा पुढं सरकायचा.

"पयलं पान गाडीचं आन् दुसरं मानसाचं," आबा म्हणायचे.

दुसरा नियम अधिक विचित्र होता. कोड वाचून झाला की आबा तो मोठ्यानं म्हणायचे आणि मालकाकडं बघत थांबायचे.

"परत म्हना."

मालकानं तो परत म्हणायचा. चुकला तर पुन्हा. म्हटल्याशिवाय आबा वायर काढत नसत. एका पाटलांना, त्यांच्या चारचौघांसमोर, हा पाढा तीनदा म्हणावा लागला होता. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. रेल्वेत एका स्टेशनावरून दुसऱ्याला फोनवर निरोप देताना आकडा सांगायची पद्धत असते. पलीकडच्यानं आकडा परत म्हटला तरच निरोप पोचला असं धरायचं. नाहीतर सांगितलं आणि न सांगितलं सारखंच.

"यकदा समोरच्यानं आकडा परत म्हटला न्हाई, तसाच फोन ठिवला व्हता," ते म्हणाले.

"मग काय झालं?"

आबा उठले आणि फणसाखाली जाऊन गाडीच्या काचा पुसायला लागले. 

तिसरा नियम, दुरुस्ती झाल्याशिवाय कोड पुसायचा नाही. मशीनला ते एक बटण दाबण्याइतकं सोपं असतं. लोक गळ घालायचे, गाडी विकायचीय, तेवढा दिवा घालवा. आबा म्हणायचे, "दिवा इजवला म्हंजी बिघाड इजला व्हय?" आणि मशीन तांदळात जायचं. त्या मशीनला स्वतःची थोडी आठवण होती. शेवटचा सापडलेला कोड त्यात साठून राहायचा आणि दुसऱ्या गाडीत नवा सापडला की जुन्याच्या जागी तो बसायचा. काहीच सापडलं नाही तर जुना तसाच राहायचा. आबा कधीकधी तिसरं बटण दाबून तो जुना कोड बघत बसत, आल्यागेल्या पाहुण्याचं पत्र वाचावं तसं.

या वेडापायी ते शिव्याही खायचे. रविवारी भाज्याच्या लेण्यांखाली मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात. आबा त्या रांगेतून हात पाठीमागं बांधून फिरत आणि इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचेतून आत डोकावत. एकदा एका गाडीत नवराबायको मक्याची कणसं खात बसले होते. आबांनी काचेवर टकटक केलं.

"तुमचा दिवा पेटलाय."

"काय पाहिजे?"

"काय नगं. दिवा पेटलाय. घाट उतरायच्या आदी बगून घ्या."

त्या गृहस्थांनी काच वर केली. आबा तिथंच उभे राहिले. मग त्यांनी काच खाली करून आबांना असं काही सुनावलं की आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी आबांचा हात धरून त्यांना बाजूला ओढलं. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ती आबांची वाटत होती. परत येताना मी म्हणालो, "कशाला जाता सांगायला?"

"दिसलं आन् बोललो न्हाई तर मंग मी कशाला बगितलं?"

माझ्याशी मात्र ते मऊ होते. लोणावळ्याच्या कॉलेजात मी शिकवायचो, घरात एकटा असायचो. मला ताप आला तेव्हा मावशी पेज घेऊन यायच्या आणि आबा दारात उभे राहून ताप किती ते विचारायचे. मी सांगितलं की म्हणायचे, "परत म्हना." मला हसू यायचं. आज वाटतं, त्या पाच वर्षांत माझं म्हणणं इतक्या नीट ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग माझी नाशिकला बदली झाली.

माझी गाडी विकायची ठरवली होती. गिऱ्हाईकही ठरलं होतं. भाज्याचा एक तिशीतला शेतकरी, एका कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी करणारा. नोकरी सोडून त्याला मळवली स्टेशनवरून पाहुण्यांना लेणी आणि लोहगडाच्या पायथ्याशी नेण्या-आणण्याचा धंदा करायचा होता. शुक्रवारी तो गाडी बघायला येणार, रविवारी मी निघणार. आणि बुधवारी माझ्या गाडीचा दिवा पेटला.

आबांनी मशीन लावलं. "पी, शून्य, चार, आट, शून्य," ते म्हणाले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा बिघाड. पंखा कधी फिरायचा, कधी नाही. सपाट रस्त्याला वाऱ्यानं भागून जायचं, म्हणून मला पत्ता लागला नव्हता. मोटर बदलावी लागणार होती आणि ती यायला आठ-दहा दिवस.

"थांबा धा दिस," आबा म्हणाले. "मी बशिवतो."

मला थांबता आलं असतं. हे आज लिहिताना कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण सामान बांधून झालं होतं, नाशिकला खोली बघून झाली होती आणि गिऱ्हाईक हातचं जाईल अशी भीती वाटत होती. मी आबांना म्हणालो, तेवढा कोड पुसा. पंख्याचं मी त्याला स्वतः सांगतो, नाशिकहून मोटर पाठवतो, तुम्ही बसवून द्या. फक्त तो येईल तेव्हा दिवा पेटलेला नको.

आबांनी वायर न काढता माझ्याकडं बघितलं.

"त्याला सांगशीला?"

"सांगतो ना."

"मंग कोड परत म्हना."

"अहो आबा, पाठ आहे मला," मी हसून म्हणालो आणि मोबाईल वाजला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दिवा विझलेला होता. आबा अजून गाडीत बसून होते, अनवाणी.

शुक्रवारी भाज्याचा माणूस आला. सोबत त्याची बायको आणि चुलतभाऊ. गाडी फिरवून आणली, आवडली. आणि मग जे होणारच होतं ते झालं. तो म्हणाला, "आबा, तुमी यकदा बगा. तुमी बगितली म्हंजी झालं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्खं मावळ ज्या कामासाठी आबांकडं येतं त्याच कामासाठी हाही येणार, हे मला सुचायला हवं होतं.

आबांनी मशीन आणलं, वहाणा काढल्या, गाडीत बसले. भाज्याचा माणूस शेजारी. मी उघड्या दाराशी. पहिलं पान आलं. कोरं. आबांनी पडदा त्याच्यासमोर धरला आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"सर, काय सांगायचंय का तुमाला?"

किती सरळ विचारलं होतं त्यांनी. बाकीच्यांना ते रीतीचं बोलणं वाटलं असेल. मी त्याच्या बायकोकडं बघितलं. तिनं गाडीला वाहायला पिशवीत नारळ आणला होता. आता पंख्याचं बोललो तर मी बुधवारपासून काय केलं तेही बोलावं लागणार होतं, आणि आबांनी काय केलं तेही.

"नाही," मी म्हणालो. "गाडी चांगली आहे."

आबांनी दुसरं पान उघडलं नाही. वायर काढली, मशीनभोवती गुंडाळली, आणि भाज्याच्या माणसाला म्हणाले, "बगितली."

नारळ फुटला. मावशींनी सगळ्यांना चहा दिला. आबांचा कप तसाच राहिला.

रविवारी निघताना मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मोटर धाडा." मी हो म्हटलं. नाशिकला गेल्यावर नवं कॉलेज, नवी जागा. आज पाठवू, उद्या पाठवू. गाडी चालली असेल, नाहीतर आबांचा फोन आला असता, अशी स्वतःची समजूत घातली. फोन मीच करायचो, दिवाळीला, पाडव्याला. आबा पावसाचं बोलायचे, भाताचं बोलायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "मशीन काय म्हणतंय?"

"बिगाडलंय."

"दुरुस्त करून घ्या की."

"आता काय करायचंय."

मी आणखी काही विचारलं नाही. त्यांचं मशीन बिघडलं हे मला पटलं, कारण पटणं सोयीचं होतं.

तीन वर्षांनी आबा गेल्याचं कळलं. कळलं तेही महिन्यानं. मी नवी गाडी घेऊन मळवलीला गेलो. फणसाखाली पांढरी गाडी तशीच उभी होती, चारी टायर बसलेले, काचांवर पानांचा चिखल. मावशी पायरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि जे तीन वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

मी गेल्यावर दोन महिन्यांत, पावसातल्या एका रविवारी, लोहगडाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. भाज्याच्या माणसाची गाडी पाहुण्यांनी भरलेली. मुंगीच्या पावलानं चढताना इंजिन तापत गेलं, वाफ निघाली आणि इंजिन जाम झालं. पाहुणे चालत खाली आले. गाडी दोरानं ओढून आणली ती दारातच राहिली. नोकरी त्यानं आधीच सोडलेली होती.

"हितं आला व्हता," मावशी म्हणाल्या. "आंगनात हुबा ऱ्हायला. वरडला न्हाई, काय न्हाई. आबा, तुमी बगितली व्हती ना, येवडंच म्हनला. ह्ये म्हनले, व्हय, मी बगितली व्हती. आन् आपल्या गाडीची चावी त्याच्या म्होरं धरली. त्यानं घ्यातली न्हाई. म्हनला, मी गाडीवर भरवसा ठिवला नव्हता आबा, तुमच्यावर ठिवला व्हता. आन् गेला."

"आबांनी माझं नाव घेतलं नाही?"

"तुमचं कशापायी?" मावशींनी मान वर केली. "वय झाल्तं सर. नजर चुकली आसंल. माज्या मनात लय येतं, मानूस उभ्या जल्मात चुकला न्हाई आन् यकदा चुकला. तुमी गेल्यापास्नं मशीन डब्यातच व्हतं, त्यापुडं तर काडलंच न्हाई. कोन आलं की म्हनायचे, बिगाडलंय. मंग लोक यायचे बंद झाले. रेल्वेची पिन्शन घ्यायला बी खाली मान घालून जायचे."

 त्याही वेळी बोललो नाही, हे लिहून ठेवतो.

मावशी आत गेल्या आणि मशीन घेऊन आल्या. वायरीतून तांदळाचे दाणे गळत होते. "न्या तुमी. डब्यात हात गेला की काळजात धस्स व्हतं. आन् आता वरडायचं कुनावर?"

बिघडलंय म्हणत होते, तर काय बिघडलंय ते बघावं म्हणून मी ते माझ्या गाडीला जोडलं. वहाणा काढून बसलो. वायर खोचताच पडदा उजळला. चारी बटणं चालत होती. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

मी तिसरं बटण दाबलं, जुना कोड बघायचं.

पी, शून्य, चार, आठ, शून्य.

आबांनी माझ्या गाडीतून तो पुसला होता, पण मशीनमधून जाऊ दिला नव्हता. दुसरी कुठलीही बिघडलेली गाडी तपासली असती तर तो गेला असता. म्हणून तीन वर्षं त्यांनी एकाही गाडीला हात लावला नाही. ज्या कामासाठी माणसं त्यांच्याकडं यायची ते काम सोडून दिलं, चारचौघांत नाव गेलं ते जाऊ दिलं, आणि हा एवढा आकडा तांदळात जपून ठेवला. मला कुणी जोरात थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी उतरलो आणि मावशींसमोर जाऊन उभा राहिलो.

"मावशी, आबांची नजर चुकली नव्हती," मी म्हणालो. "पी, शून्य, चार, आठ, शून्य. हा कोड होता."

मावशींचा सुपातला हात थांबला.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच म्हनायचे. शेवटी आंथरुनावर व्हते तवा. मला वाटायचं रेल्वेचं कायतरी आटवतंय. येवडं म्हनायचे आन् गप व्हायचे. मंग दाराकडं बगत थांबायचे."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बुधवारचं, शुक्रवारचं, मोटरचं. मावशींनी सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि कितीतरी वेळ त्या पांढऱ्या गाडीकडं बघत बसल्या.

"त्यो भाज्याचा आता उर्शाच्या टोलनाक्यावर आसतो," शेवटी त्या म्हणाल्या. "जावा. जसं मला सांगितलं तसं त्याला सांगा. आन् सांगून लगीच गाडीत बसू नगा. त्याच्याकडनं परत म्हनून घ्या."